दोन आंकडे आणि एक लवाद

बाजारांत भाजी विकावयास बसलेल्या माणसास किंमतीविषयीं फारशी अडचण पडत नाहीं. एका गिऱ्हाइकानें भाव पाडून मागितला, तर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाची वाट पाहतो. आणि त्यानें स्वतः अवास्तव भाव सांगितला, तर गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळतें. वळण्याची ही मोकळीक दोन्ही बाजूंस असते, म्हणूनच थोड्या घासाघिशीनंतर भाव एका ठिकाणीं येऊन थांबतो. परंतु जेथें विकणाऱ्यास दुसरें गिऱ्हाईकच नाहीं, तेथें काय व्हावें? जो एकाच मालकाशीं बांधलेला आहे, ज्यास दुसऱ्याकडे जाण्याची नियमानेंच बंदी आहे, अशा माणसाच्या कामाची रास्त किंमत कोणी आणि कशी ठरवावी?

गिरणीकामगारांच्या संबंधांत हा प्रश्न जुन्या मुंबई इलाख्यांत पुष्कळ वर्षें गाजला. त्याच जातीच्या प्रश्नाचें एक चमत्कारिक परंतु बोधप्रद उत्तर अमेरिकेंतील बेसबॉल या खेळानें स्वीकारलें आहे. आणि घरबसल्या पत्त्यांवर किंवा संगणकावर खेळल्या जाणाऱ्या कागदी बेसबॉल-लीगांनीं त्या उत्तराची हुबेहूब नक्कल केली आहे. या नकलेवरून मूळ युक्ति समजण्यास सोपी जाते, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करणें बरें.

बेसबॉल हा क्रिकेटप्रमाणेंच आंकड्यांचा खेळ आहे. कोणता खेळाडू किती वेळां बॅट घेऊन उभा राहिला, त्यांपैकीं किती वेळां त्याचा फटका यशस्वी झाला, कोणत्या चेंडूफेक्यानें किती गडी बाद केले, यांची बारीकसारीक नोंद तेथें शंभराहून अधिक वर्षें ठेवली जात आहे. या नोंदींवरून एखाद्या खेळाडूचें कागदी प्रतिरूप तयार करतां येतें. रिचर्ड साइट्झ यानें १९५१ सालीं ‘ॲपबा’ नांवाचा आणि हॅल रिचमन यानें १९६१ सालीं ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नांवाचा असा खेळ विक्रीस काढला. त्यांत प्रत्येक खेळाडूच्या नांवाचा एक पत्ता असतो. फांसे टाकावे, आणि जो आंकडा पडेल त्यासमोर पत्त्यावर लिहिलेला परिणाम मानावा. शंभरांत तीस वेळां यशस्वी होणाऱ्या खेळाडूचा पत्ता असा बेतलेला असतो कीं, पुष्कळ वेळां फांसे टाकल्यावर त्याचेंहि यश शंभरांत सुमारें तीसच भरावें. पुढें संगणक आला व फांशांचें काम त्यानें उचललें. मार्कुस हाइनझोन या जर्मन गृहस्थानें निर्माण केलेल्या ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ या खेळांत तर खेळाडू कोंवळ्या वयांत संघांत येतात, पिकतात, दुखावतात, म्हातारे होऊन निवृत्तहि होतात. मैदान, चेंडू आणि माणसें यांवांचून सर्व कांहीं तेथें आहे. अर्थात् जेथें सर्व कांहीं आहे, तेथें वेतनाचा तंटाहि असणारच.

हा तंटा कसा उत्पन्न होतो, हें समजण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घ्यावें. भाईंदर पूर्वेकडील नवघर हें एके काळीं मिठागरांच्या आणि भातशेतीच्या सोबतीनें वसलेलें गांव. आतां तें मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींतील दाट वस्तीचें उपनगर झालें आहे. तेथील एखाद्या इमारतींतील आठ बिऱ्हाडांनीं मिळून अशी एक कागदी लीग काढली, असें समजावें. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक संघ. प्रत्येक संघास खेळाडूंच्या वेतनासाठीं वर्षाकाठीं १,००० गुण मिळतात. त्याहून एक गुणहि अधिक खर्चितां येत नाहीं. नवे तरुण खेळाडू दर वर्षीं सोडत काढून वांटले जातात, व आरंभीं प्रत्येकाचें वेतन १० गुण असतें. आतां तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या वांट्यास आलेला एक चेंडूफेक्या थोड्याच काळांत साऱ्या लीगमध्यें पहिल्या प्रतीचा निघाला. पुढें त्यास वेतन किती द्यावें?

दहाच गुण कायम ठेवले, तर मोलाचा माणूस त्या बिऱ्हाडाच्या हातीं कवडीमोलानें राहील. उरलेले ९९० गुण इतरांवर खर्चून तें बिऱ्हाड वर्षानुवर्षें विजयी होईल, आणि बाकीचीं सात बिऱ्हाडें कंटाळून खेळ गुंडाळतील. उलट, दर वर्षीं सर्वच खेळाडूंचा नव्यानें लिलाव मांडला, तर कोंवळा खेळाडू हेरण्याचें आणि त्याच्या पिकण्याची वाट पाहण्याचें कोणास कारणच उरणार नाहीं. म्हणून अशा लीगा बहुधा मधला मार्ग स्वीकारतात. पहिलीं तीन वर्षें ठराविक अल्प वेतन. त्यानंतरचीं तीन वर्षें खेळाडू त्याच संघाकडे राहावयाचा, परंतु वेतन मात्र त्याच्या कर्तबगारीस अनुसरून ठरावयाचें. आणि सहा वर्षें भरलीं म्हणजे तो मोकळा, कोणींहि बोली करावी. अडचण आहे ती मधल्या तीन वर्षांची. त्या काळांत गिऱ्हाईक एकच असल्यामुळें भाव ठरविण्यास बाजार उपयोगीं पडत नाहीं. तेथें लवाद लागतो.

हा तीन-तीन वर्षांचा सांचा कागदी खेळानें स्वतः शोधून काढलेला नाहीं. तो खऱ्या बेसबॉलच्या इतिहासांतून आला आहे, आणि तो इतिहास पुष्कळसा कडवट आहे. १८७९ च्या सुमारास तेथील क्लबांनीं खेळाडूंस राखून ठेवण्याची प्रथा पाडली. पुढें ती करारांतील एक कलम होऊन बसली. करार संपला तरी खेळाडूवरील हक्क क्लबाकडेच राही. दुसऱ्या क्लबाकडे जाण्याची त्यास मुभा नसे. क्लब देईल तें वेतन घ्यावें, नाहीं तर घरीं बसावें, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढें असत. १९२२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बेसबॉलचे सामने हे आंतरराज्य व्यापार नव्हेत असें ठरविलें, व त्यामुळें मक्तेदारीविरुद्ध असलेल्या कायद्याचें संरक्षण खेळाडूंस मिळालें नाहीं. सेंट लुईच्या संघांतील कर्ट फ्लड या खेळाडूस १९६९ सालीं त्याच्या इच्छेविरुद्ध फिलाडेल्फियास देण्यांत आलें, तेव्हां त्यानें जाण्यास नकार दिला आणि न्यायालयाची पायरी चढली. १९७२ सालीं तो दावा हरला.

परंतु न्यायालयांत जें मिळालें नाहीं, तें वाटाघाटींत मिळूं लागलें. पोलाद-कामगारांच्या संघटनेंत अर्थशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले मार्व्हिन मिलर हे १९६६ पासून खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख होते. कारखान्यांतील तंट्यांत लवादाचा उपयोग कसा होतो, हें त्यांना पुरतें ठाऊक होतें. १९७३ च्या करारांत वेतनाच्या लवादीचें कलम आलें. क्लबांना हें कलम त्या मानानें सौम्य वाटलें, कारण खेळाडू मोकळा होत नव्हता. फक्त त्याचें वेतन तिऱ्हाइतानें ठरवावयाचें होतें. १९७४ च्या फेब्रुवारींत पहिल्या सुनावण्या झाल्या. त्यांतील सर्वांत पहिलें प्रकरण मिनेसोटा संघाचा चेंडूफेक्या डिक वुडसन याचें होतें, आणि निर्णय त्याच्या बाजूनें लागला. पुढें १९७५ च्या डिसेंबरांत पीटर साइट्झ या लवादानें, राखीव कलमाचा अंमल एका जादा वर्षापुरताच असतो, असा अर्थ लावून दोन खेळाडूंना मोकळें केलें. त्यानंतर १९७६ मध्यें झालेल्या करारानें सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळीक हें तत्त्व मान्य केलें. येणेंप्रमाणें आजचा सांचा सिद्ध झाला: आरंभीं क्लब ठरवील तें वेतन, मध्यें लवादी, शेवटीं बाजार. सर्वसाधारणपणें तीन वर्षें भरलेल्यांस लवादीचा हक्क येतो. दोन वर्षें पुरीं केलेल्यांपैकीं सेवेच्या दिवसांत आघाडीवर असलेल्या थोड्या खेळाडूंसहि तो एक वर्ष आधीं मिळतो.

आतां या लवादीचें खरें वैशिष्ट्य पाहावें. नेहमींचा लवाद दोन्ही बाजू ऐकून स्वतःच्या बुद्धीस पटेल तो आंकडा देतो. बेसबॉलचा लवाद तसें करूं शकत नाहीं. जानेवारीच्या सुमारास क्लब एक आंकडा कळवितो, खेळाडू एक आंकडा कळवितो. त्यानंतर तडजोड न झाल्यास सुनावणी होते, आणि लवादानें त्या दोन आंकड्यांपैकीं एकच निवडावयाचा असतो. मधला आंकडा देण्याचा त्यास अधिकार नाहीं. पूर्वी लवाद एकच असे; पुढें तिघांचें मंडळ नेमण्याचा प्रघात पडला. प्रत्येक बाजूस आपलें म्हणणें मांडण्यास एक तास आणि प्रत्युत्तरास अर्धा तास मिळतो. निर्णय थोड्याच अवधींत कळतो, व त्याचीं कारणें दिलीं जात नाहींत.

लवादानें काय पाहावें आणि काय पाहूं नये, हेंहि ठरलेलें आहे. खेळाडूची गेल्या हंगामांतील कामगिरी, आजवरच्या कामगिरींतील सातत्य, त्याचें पूर्वीचें वेतन, त्याच्याच तोडीच्या इतर खेळाडूंचें वेतन, त्याच्या शारीरिक वा मानसिक अडचणी, आणि क्लबाचें अलीकडील यश या गोष्टी विचारांत घ्यावयाच्या. क्लब श्रीमंत आहे कीं कर्जबाजारी, खेळाडूस पैशाची निकड आहे कीं नाहीं, वर्तमानपत्रें काय म्हणतात, इतर खेळांत काय वेतन मिळतें, आणि वाटाघाटींत पूर्वी कोण काय बोललें, यांपैकीं कांहींहि पुढें आणावयाचें नाहीं. शेवटची मनाई विशेष शहाणपणाची आहे. खाजगींत थोडें पुढें सरकलेला पक्ष सुनावणींत त्याच सरकण्यानें पकडला जाईल, अशी भीति राहिली असती, तर कोणीच सरकला नसता.

दोहोंपैकीं एकच निवडण्याचें हें बंधन प्रथमदर्शनीं अडाणीपणाचें वाटतें. न्याय करणाऱ्याचे हात बांधून न्याय कसा होणार? याचें उत्तर नवघरच्या त्या चेंडूफेक्याच्या हिशेबांत मिळतें. समजा, मालक-बिऱ्हाडाचा देकार ४० गुणांचा आहे आणि खेळाडूच्या बाजूची मागणी ७० गुणांची. लवादानें सर्व नोंदी पाहून मनाशीं ठरविलें कीं, याची खरी योग्यता ५२ गुण. परंतु ५२ हा आंकडा देण्याची त्यास परवानगी नाहीं. तेव्हां त्यानें पाहावयाचें तें एवढेंच कीं, दोहोंपैकीं ५२ च्या अधिक जवळ कोणता. ४० पासून अंतर १२, ७० पासून अंतर १८. म्हणून निर्णय ४० चा. ज्यानें ७० मागितले, त्याच्या पदरांत रास्त ५२ देखील पडले नाहींत. आतां समजा, त्याच बाजूनें संयम ठेवून ६० च मागितले असते. मग ६० पासून अंतर ८ भरलें असतें, आणि निर्णय ६० चा लागला असता. दहा गुण कमी मागितल्यानें वीस गुण अधिक मिळाले असते. हाच नियम मालकासहि लागू आहे. त्यानें कंजूषपणानें २५ चा देकार दिला असता, तर ५२ पासून त्याचें अंतर २७ भरून ७० ची अवास्तव मागणी देखील त्याच्या गळ्यांत पडली असती.

सारांश, दोन्ही आंकड्यांचा मध्य काढावा, आणि लवादाच्या मनांतील किंमत त्या मध्याच्या वर कीं खालीं, एवढेंच पाहावें. सर्व तंटा या एका बिंदूभोंवतीं फिरतो. हें दोन्ही पक्षांस ठाऊक असल्यामुळें आंकडा लिहितांना प्रत्येकास एकच विचार करावा लागतो: ज्याचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नाहीं, अशा समजूतदार माणसास आपला आंकडा कितपत पटेल? आपल्याकडे भावांच्या वांटण्यांत एकानें वांटे करावे आणि दुसऱ्यानें आधीं उचलावा, अशी जुनी रीत आहे. वांटे करणाऱ्यास स्वतःच्या स्वार्थासाठींच न्यायानें वागावें लागतें. बेसबॉलची लवादी हें त्याच शहाणपणाचें भावंड होय. लवादास तडजोड करण्याची मनाई असल्यामुळें तडजोड पक्षांनाच करावी लागते. म्हणूनच आंकडे कळविले गेल्यावरहि बहुतेक प्रकरणें सुनावणीपूर्वींच, पुष्कळदां दोन्ही आंकड्यांच्या मध्याच्या आसपास, मिटतात.

नेहमींच्या लवादींत याच्या उलट घडण्याचा संभव असतो. लवाद शेवटीं मधलाच आंकडा देईल अशी खात्री असली, म्हणजे मागणारा दुप्पट मागतो आणि देणारा निम्मेंच देऊं करतो, कारण जो जितका दूर उभा राहील तितका मध्य त्याच्याकडे झुकतो. कार्ल स्टीव्हन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९६६ सालीं हा दोष दाखवून, एकच आंकडा निवडण्याची पद्धत सक्तीच्या लवादींतहि वाटाघाटी जिवंत ठेवील, असें प्रतिपादन केलें होतें. कल्पनेची मुळें मात्र याहून फार जुनीं आहेत. प्राचीन अथेन्समध्यें कांहीं खटल्यांत आरोपी दोषी ठरल्यावर फिर्यादीनें एक शिक्षा सुचवावयाची, आरोपीनें दुसरी, आणि पंचांनीं त्या दोहोंतून एक निवडावयाची, असा नियम होता. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसाच्या फिर्यादींनीं देहान्ताची शिक्षा सुचविली. त्यानें प्रथम सरकारी खर्चानें भोजनाचा मान मागितला, व मग मित्रांच्या आग्रहावरून दंडाची रक्कम सांगितली. पंचांपुढें तिसरा मार्ग नव्हता. त्यांनीं देहान्त निवडला. तत्त्वासाठीं जीव देणाऱ्यास असें उत्तर शोभतें. वेतन मागणाऱ्यास तें परवडत नाहीं.

आपल्याकडील उदाहरणहि येथें आठवण्यासारखें आहे. १९१८ सालीं अहमदाबाद हें मुंबई इलाख्यांत मोडत असे. प्लेगच्या दिवसांत गिरण्यांतून दिला जाणारा जादा मोबदला बंद होतांच वेतनवाढीचा तंटा उभा राहिला. मालक २० टक्के वाढ देण्यास तयार होते. कामगारांची अपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत गेली होती. परंतु गांधीजींनीं महागाईचा व इतर ठिकाणच्या वेतनांचा हिशेब पाहून ती ३५ टक्क्यांवर आणली, आणि मग त्या आंकड्यावरून मागें न हटण्याची प्रतिज्ञा घेववली. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूस त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन, असा तो विलक्षण तंटा होता. १५ मार्चला गांधीजींनीं उपवास आरंभिला व १८ मार्चला समेट झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे: पहिल्या दिवशीं कामगारांच्या प्रतिज्ञेसाठीं ३५ टक्के, दुसऱ्या दिवशीं मालकांच्या शब्दासाठीं २० टक्के, आणि तिसऱ्या दिवसापासून लवादाचा निकाल लागेपर्यंत बरोबर मध्य, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. लवाद होते आनंदशंकर ध्रुव. त्यांनीं पुढें ३५ टक्क्यांच्याच बाजूनें निर्णय दिला. दोहोंतून एक निवडण्याचें बेसबॉलसारखें बंधन तेथें नव्हतें. तरीहि जो आंकडा आधींच तपासून, छाटून, समर्थनीय करून घेतला होता, तोच अखेरीस टिकला.

आतां पुन्हां कागदी लीगकडे वळावें. तेथें एक नवीच पंचाईत उभी राहते: पत्त्यावरील खेळाडूस बोलतां येत नाहीं. मग त्याची मागणी कोणीं करावी? याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग संगणकाचा. खेळाडूच्या नोंदी व त्याच्या तोडीच्या खेळाडूंचीं वेतनें पाहून संगणकच मागणीचा आंकडा काढतो, आणि निर्णयहि तोच करतो. दुसरा मार्ग कोष्टकाचा. लीगचा चिटणीस गेल्या वर्षींच्या निर्णयांवरून एक कोष्टक तयार करतो, आणि खेळाडू त्यांत जेथें बसेल तो आंकडा त्याची मागणी मानली जाते. तिसरा मार्ग सर्वांत रंजक आहे. एखाद्या दुसऱ्या बिऱ्हाडास खेळाडूचा वकील नेमावयाचें, आणि तिसऱ्यानें लवाद व्हावयाचें.

या तिसऱ्या मार्गावर लागलीच आक्षेप येतो. वकील झालेलें बिऱ्हाड हें मालकाचें प्रतिस्पर्धी. तें मुद्दाम भरमसाट वेतन मागून त्याची थैली रिकामी करण्याचा प्रयत्न करणार नाहीं काय? नेहमींच्या लवादींत तें अवश्य तसें करील. परंतु येथें एकच आंकडा निवडण्याचा नियम त्याचा हात धरतो. भरमसाट आंकडा म्हणजे हमखास हार. आणि हार म्हणजे चांगला खेळाडू प्रतिस्पर्ध्यास स्वस्तांत मिळणें. मत्सरानें प्रेरित झालेल्या वकिलासहि माफक मागणी करणेंच फायद्याचें ठरतें. ज्या नियमास माणसें सज्जन असण्याची गरज भासत नाहीं, तो नियम चांगला म्हणावयास हरकत नाहीं.

तथापि नियम चांगला असला तरी कांहीं पथ्यें पाळावींच लागतात. दोन्ही आंकडे बंद पाकिटांतून यावे आणि पाकिटें एकाच वेळीं उघडावीं. नाहीं तर मागून लिहिणारा पुढच्याचा आंकडा पाहून आपला मध्य साधून घेईल. लवाद झालेल्या बिऱ्हाडाचा स्वतःचा तशाच तोडीचा खेळाडू त्याच वर्षीं लवादीस आलेला नसावा, कारण मग शेजाऱ्याच्या प्रकरणांत निर्णय देतांना तो आपल्याच प्रकरणाचा पाया घालीत बसेल. सुनावणीपूर्वीं खेळाडूस सोडून देण्याची मालकास मुभा असावी. खऱ्या बेसबॉलमध्यें ती आहे. वेतन एका वर्षांत किती खालीं आणतां येईल, यासहि मर्यादा असावी. खऱ्या खेळांत क्लबानें सामान्यतः गेल्या वर्षींच्या वेतनाच्या ८० टक्क्यांहून कमी देकार देऊं नये, असा दंडक आहे.

याखेरीज प्रत्येक निर्णय पुढील निर्णयांचा आधार होतो, हें विसरतां कामा नये. फिलाडेल्फियाचा फटकेबाज रायन हॉवर्ड २००८ सालीं प्रथमच लवादीस पात्र झाला. त्यानें १ कोटि डॉलर मागितले, क्लबानें ७० लक्ष देऊं केले, आणि निर्णय त्याच्या बाजूनें लागला. त्यानंतर तशाच तोडीचा कोणी तरुण फटकेबाज आला कीं, हॉवर्डचें नांव पुढें करतां येऊं लागलें. नवघरच्या लीगमध्येंहि पहिल्या वर्षीं लवादानें हात सैल सोडला, तर चौथ्या वर्षीं १,००० गुणांत संघ बसविणें आठहि बिऱ्हाडांस कठीण जाईल.

येथें असा प्रश्न सहज सुचेल कीं, भारतांतील लीगांना ही लवादी कां लागत नाहीं? याचें कारण, आपल्याकडे किंमत ठरविण्याचें काम मुख्यतः लिलाव करतो. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंतच झाला, आणि त्यांत महेंद्रसिंह धोनीस चेन्नईनें १५ लक्ष डॉलरांस घेतलें. मात्र सचिन तेंडुलकरसारखे मोजके मानचिन्हाचे खेळाडू लिलावाबाहेर आपापल्या शहराच्या संघाकडे राखले होते. अर्थात् त्यांना गिऱ्हाईक एकच होतें, व लवादहि नव्हता. म्हणून तेथें सूत्र वापरलें गेलें: त्या संघांतील सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षां पंधरा टक्के अधिक. कबड्डीच्या प्रो कबड्डी लीगमध्येंहि लिलावच आहे. २०१४ च्या पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर, १२ लक्ष ८० हजार रुपयांची झाली होती. २०२३ मध्यें पवन सेहरावत याच्यासाठीं ती अडीच कोटींच्या पुढें गेली.

तथापि जुन्या संघाचा हक्क आणि बाजारभाव यांचा मेळ घालण्याची गरज लिलावांतहि पडतेच. त्यासाठीं अखेरची बोली देऊन खेळाडू परत घेण्याचा हक्क जुन्या संघास दिला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरांत झालेल्या क्रिकेटच्या लिलावांत या हक्कास एक नवी पुरवणी जोडली होती: जुन्या संघानें हक्क बजावला, तर सर्वांत मोठी बोली करणाऱ्यास एकदांच ती वाढवितां यावी. ऋषभ पंत याच्यावर लखनौची बोली पावणेएकवीस कोटींची झाली. दिल्लीनें आपला हक्क बजावला. लखनौनें आंकडा थेट २७ कोटींवर नेला, आणि दिल्ली मागें हटली. लखनौस एकच संधि होती. आंकडा लहान लिहिला तर खेळाडू गेला, मोठा लिहिला तर पैसा गेला. एकदांच लिहावयाचा, मागें न घेतां येणारा आंकडा माणसास किती विचार करावयास लावतो, हें येथेंहि दिसलें. भेद एवढाच कीं, लिलावांत आंकडा दुसऱ्या गिऱ्हाइकास भिऊन लिहिला जातो, आणि लवादींत तो तिऱ्हाइताच्या समजुतीस भिऊन लिहिला जातो.

खऱ्या लवादीचें एक दुःख मात्र कागदी लीगला सोसावें लागत नाहीं. सुनावणींत क्लबास आपल्याच खेळाडूचे दोष सांगावे लागतात, आणि खेळाडू समोर बसून ते ऐकत असतो. वर्षभर ज्याच्या नांवाचा जयघोष केला, तो वाटतो तितका मोठा नाहीं, असें त्याच्याच संघाचे वकील आंकडेवारीनें सिद्ध करूं पाहतात. मिलवॉकीचा चेंडूफेक्या कॉर्बिन बर्न्स हा २०२१ सालीं आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट चेंडूफेक्याच्या पारितोषिकाचा मानकरी होता. २०२३ च्या लवादींत त्याची मागणी १ कोटि साडेसात लक्ष डॉलरांची आणि क्लबाचा देकार १ कोटि १० हजारांचा होता. अंतर साडेसात लक्षांहूनहि थोडें कमी. तो हरला, आणि क्लबाशीं असलेलें आपलें नातें या सुनावणीनें दुखावलें, असें त्यानें उघडपणें बोलून दाखविलें. पुढच्याच वर्षीं क्लबानें त्यास बाल्टिमोरच्या संघास देऊन टाकलें. त्या रकमेच्या मानानें अंतर क्षुल्लक होतें; परंतु ऐकावे लागलेले शब्द क्षुल्लक नव्हते. सुनावणीपूर्वीं प्रकरण मिटविण्याचें खरें महत्त्व येथें आहे. हा नियम दोन्ही पक्षांस जवळ आणतो. परंतु शेवटचें पाऊल त्यांनीं स्वतः टाकलें नाहीं, तर जिंकणाऱ्याच्याहि पदरीं थोडी कटुता येते.

पत्त्यावरील खेळाडूस कान नसतात. त्याच्याविषयीं कांहींहि बोललें तरी तो रुसत नाहीं. म्हणूनच कागदी लीग ही शिकण्यास सोयीची जागा आहे. घरांतील मुलें एका हंगामांत दहा-बारा प्रकरणें चालवितील, कांहींत अधाशीपणानें हरतील, कांहींत संयमानें जिंकतील, आणि आंकडा लिहिण्यापूर्वीं समोरच्याचा आंकडा काय असेल याचा अंदाज घेण्यास शिकतील. पुढें त्यांच्यापैकीं कोणी मालकाच्या खुर्चीवर बसेल, कोणी नोकरीचें वेतन ठरविण्यास मालकासमोर उभें राहील. तेथें समोरचा माणूस पत्त्यावरचा नसेल, आणि बोललेलें सर्व तो ऐकत असेल. मागणीचा किंवा देकाराचा आंकडा कागदावर उतरविण्यापूर्वीं तो एखाद्या अनोळखी, समजूतदार तिऱ्हाइतासमोर मोठ्यानें वाचून दाखवितां येईल काय, एवढें त्यांनीं स्वतःस विचारलें, तर पुष्कळ प्रकरणांत लवादापर्यंत जाण्याची पाळीच येणार नाहीं.